जग पाठ करून कळत नाही

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत आंतरराष्ट्रीय संबंधांची टंचाई नाही. क्वाडमध्ये देश किती, शांघाय सहकार्य संघटनेचे मुख्यालय कुठे, ब्रिक्समध्ये नवे कोण आले, अमुक लष्करी सराव कोणत्या दोन देशांचा, हे तिथल्या मुलांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. झेरॉक्सच्या दुकानांत दर महिन्याला 'चालू घडामोडीं'चे गठ्ठे येतात आणि पुढच्या महिन्यात रद्दीत जातात. या मुलांना मी नावे ठेवत नाही. परीक्षा विचारते ते ती वाचतात, आणि गावाकडून येऊन, मेसचे डबे खाऊन वर्षानुवर्षे जिद्दीने वाचत बसणे सोपे नाही. माझी तक्रार विद्यापीठाबद्दल आहे. जग समजावून सांगण्याचे काम ज्या शहराने क्लासवाल्यांवर सोडले, त्याला विद्येचे माहेरघर म्हणवून घेताना थोडे अवघडायला हवे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आधुनिक आंतरराष्ट्रीय संबंधांच्या इतिहासाचा एक अभ्यासक्रम पदवीच्या पातळीवर सुरू करावा, तो कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला घेता यावा आणि मराठीतही शिकवला जावा, अशी माझी मागणी आहे. चार श्रेयांकांचा, म्हणजे साठ तासांचा. नव्या शैक्षणिक धोरणाने खुल्या ऐच्छिक विषयांना दार उघडून दिले आहे. त्या दारातून सध्या काय काय आत येते आहे ते पाहिले, तर या विषयाला जागा नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

'हे तर आधीच आहे,' असे उत्तर येईल. विद्यापीठात राज्यशास्त्राचा विभाग आहे, इतिहासाचा आहे, संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा तर स्वतंत्र विभाग आहे. खासगी विद्यापीठांत या विषयाच्या पदव्याही मिळतात, फी भरण्याची ऐपत असेल तर. सगळे खरे. पण वाटण्या कशा झाल्या आहेत ते पाहा. इतिहासाचा विद्यार्थी ढोबळमानाने दुसऱ्या महायुद्धापर्यंत पोहोचतो तोवर सत्र संपते, आणि भारताचा इतिहास १९४७ च्या त्या मध्यरात्री थांबतो. राज्यशास्त्राचा विद्यार्थी वास्तववाद आणि उदारमतवाद यांच्या व्याख्यांपासून सुरुवात करतो. घटना येतात त्या व्याख्येला जोडलेले उदाहरण म्हणून. सामरिकशास्त्रात सीमा, अण्वस्त्रे, सागरी सुरक्षा. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वाणिज्य या शाखांत यातले काहीच नाही. एकच घटना तीन विभागांत तीन तुकड्यांनी शिकवली जाते आणि ती अख्खी कोणाच्याच हाती लागत नाही.

हा विषय मुळात जन्मला तो अख्खी घटना समजून घेण्याच्या गरजेतून. १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन सुरू झाले. पैसे दिले होते डेव्हिड डेव्हिस नावाच्या, स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेल्या, धनिक खासदाराने. कोट्यवधी माणसे मारणारे महायुद्ध शहाण्यासुरत्या मंत्र्यांच्या, राजदूतांच्या डोळ्यांदेखत कसे पेटले, हा त्या पिढीपुढचा प्रश्न होता. संघटनांच्या मुख्यालयांची यादी करून त्याचे उत्तर मिळणार नव्हते. जुलै १९१४ मध्ये कोणाला काय ठाऊक होते, कोणाला काय वाटत होते, कोण कशाला घाबरत होते, हे तारीखवार पाहावे लागणार होते.

चालू घडामोडींच्या शिकवणीत नेमके हेच हरवते. तिथे प्रत्येक देशाची एक 'भूमिका' असते. ती जणू आकाशातून पडलेली. ती घेण्याआधी दुसरे कोणते पर्याय टेबलावर होते, कोणाचा अंदाज चुकला, कोणत्या मंत्र्याचे कोणत्या मंत्र्याशी पटत नव्हते, याला नोट्समध्ये जागा नसते. इतिहास ती अनिश्चितता परत आणतो, आणि मला हा अभ्यासक्रम हवा आहे तो त्यासाठी.

आता सुरुवात कुठून करायची? नेहमीचा रस्ता १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून निघतो. काही जण १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेपासून निघतात, बरेच जण सोय म्हणून १९१४ किंवा १९४५ पासून. पुण्यात शिकवायचे असेल तर मी १७७५ हे वर्ष घेईन, आणि त्यात स्थानिक अभिमानाचा भाग फार थोडा आहे.

मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, लेक्झिंग्टनला गोळीबार होऊन अमेरिकन वसाहतींचे युद्ध सुरू झाले. दोन्ही घटनांचा तेव्हा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो नंतर जुळत गेला. कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईकरांचा तह मोडीत काढला, आपला माणूस पाठवला आणि १ मार्च १७७६ रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा दूत म्हणून पुण्यात आला. त्याच्याकडचे अधिकार कितपत खरे होते याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे, पण नाना फडणविसांनी त्याचे थाटात स्वागत केले आणि ते इंग्रजांच्या डोळ्यांत भरेल याची व्यवस्था केली. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकन बंडखोरांशी करार केला. त्याबरोबर पुण्यातला तो फ्रेंच माणूस कलकत्त्याला एकदम वेगळा दिसू लागला: उद्या फ्रेंच आरमार कोकणच्या एखाद्या बंदरात उतरले तर? जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून आलेल्या मुंबईच्या फौजेला वडगावला तह करून माघारी जावे लागले. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात एक कलम आले. पोर्तुगीजांच्या जुन्या ठाण्यांखेरीज अन्य युरोपीय राष्ट्रांना पेशव्यांनी आपल्या मुलखात थारा देऊ नये. सेंट लुबिन तेव्हा पुण्यातून केव्हाच गेलेला होता, पण त्याने निर्माण केलेली भीती तहाच्या मसुद्यात उतरली होती.

याच धाग्याची दुसरी टोके शिकवायला तर मजा येईल. १७८१ मध्ये रघुनाथरावाचा हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील एका पारशी सहकाऱ्यासह लंडनला पोहोचला होता. तिथे त्यांची आबाळ होते आहे हे पाहून एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि सोवळ्याओवळ्याचा स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउनला ज्या कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. त्याच्याच काळात, १७९० मध्ये, टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे यांचा त्रिपक्षीय करार पुण्यात झाला. बोस्टन, पॅरिस, म्हैसूर आणि पुणे ही एका पटावरची ठिकाणे होती हे विद्यार्थ्याला असे दाखवता येते. वेस्टफालियाचा तह त्याने नंतर वाचावाच. पण तोवर 'ही सगळी युरोपची भानगड, आपण नंतर सामील झालो' हा समज डोक्यातून गेलेला असेल.

कागदांचीही गोष्ट आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभे आहे, आणि दिल्ली, हैदराबादच्या दरबारांतून वकिलांनी पाठवलेली अखबारपत्रे आपल्याकडे आहेत. परराष्ट्र व्यवहाराची अव्वल साधने विद्यापीठापासून रिक्षाच्या अंतरावर असताना विद्यार्थ्याने ते शास्त्र परदेशी पाठ्यपुस्तकाच्या झेरॉक्सवरून शिकावे, ही परिस्थिती निदान अर्धी तरी बदलता येईल.

मात्र इथेच एक धोका आहे, आणि पुण्यात तो जरा जास्तच आहे. असा अभ्यासक्रम बघता बघता गौरवगाथा होऊ शकतो. नानांची मुत्सद्देगिरी, मग वडगाव, मग टाळ्या. ज्या दरबाराने १७७९ मध्ये इंग्रजांना वडगावला नमवले, त्याच दरबाराच्या पेशव्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला तैनाती फौजेचा तह पत्करला, हे त्याच पानावर शिकवले पाहिजे. होळकरांनी हडपसरला पराभव केल्यावर दुसऱ्या बाजीरावापुढे खरोखर कोणते पर्याय उरले होते? त्याला भित्रा ठरवून प्रश्न सुटत नाही. यशवंतराव होळकर, दौलतराव शिंदे आणि पेशवा यांचा एकमेकांवर विश्वास का नव्हता, आणि इंग्रजांना त्याची खबर कशी होती, हे शिकवले तर विद्यार्थी पुढे १९३८ चे म्युनिकही, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सने हिटलरपुढे घेतलेली माघारही, जास्त नीट समजेल.

मुत्सद्दी आणि सेनापती यांच्यापुरताच हा विषय ठेवला तर तो कंटाळवाणा होतो आणि खोटाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला करून कर्जखते जाळली. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. शाळेत हे आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकतो आणि सावकाराच्या हावेवर थांबतो. थोडे मागे जावे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले आणि मुंबई इलाख्यात पैशाचा पूर आला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पत आटली, आणि त्याच सुमारास सरकारने फेरपाहणी करून शेतसाराही वाढवला. अमेरिकेतले यादवी युद्ध जिथे संपत आले त्या ॲपोमॅटॉक्सचे नाव सुप्याच्या शेतकऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या गळ्याभोवतीच्या फासाचा एक पीळ मात्र तिथून आला होता. एकच पीळ, हेही सांगितले पाहिजे. सारावाढ आणि नवे दिवाणी कायदे वगळून केवळ कापसाने दंगा समजत नाही. कृषी महाविद्यालयातल्या मुलाला जागतिक बाजार आणि आयातशुल्क यांविषयी पुढे आयुष्यभर ऐकावे लागणार आहे. त्याने सुप्यापासून सुरुवात करावी.

विसाव्या शतकात पुणे या विषयाच्या बरेच जवळ होते, आपणच ते विसरलो. पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी काँग्रेसने टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची निवड केली होती. सरकारने टिळकांना पॅरिसला जाऊ दिले नाही, तेव्हा लंडनमध्ये असलेल्या टिळकांनी मार्च १९१९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. आणि तरीही जून १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्याच: भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या. स्वतंत्र नसलेला देश राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री १९२१ मध्ये त्याच राष्ट्रसंघात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून बसले, वॉशिंग्टनच्या नौदल परिषदेला गेले आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत सरकारचे पहिले एजंट झाले. समाजाचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळणारे हृदयनाथ कुंझरू हे दिल्लीच्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सच्या संस्थापकांपैकी होते. त्याच कौन्सिलच्या छत्राखाली १९५५ मध्ये भारतातली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पहिली उच्चशिक्षण संस्था निघाली, जी १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. म्हणजे दिल्लीतल्या ज्या विभागाकडे आज आपली मुले आशेने अर्ज करतात, त्याच्या पूर्वजांत पुण्यातल्या एका संस्थेची माणसे आहेत.

शीतयुद्धाकडे येतो, कारण या भागात आपले मराठी ज्ञान सर्वांत जास्त लंगडते. १९६२ म्हटले की आपल्याला एकच ओळ पाठ आहे: हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. ओळ छान आहे. पण त्या ऑक्टोबरात काय काय एकाच वेळी चालले होते? १६ तारखेला केनेडींपुढे क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रे आली. २० तारखेला चीनने नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाख या दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. २२ ला केनेडींनी क्युबाभोवती नाकेबंदी जाहीर केली. २५ ला सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या 'प्रावदा' या मुखपत्राने चीनच्या बाजूने झुकणारा अग्रलेख छापला, कारण अमेरिकेशी अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर असताना मॉस्कोला पेकिंगशी भांडण परवडणारे नव्हते. २८ ला सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी माघार घेतली. क्युबाचा पेच निवळल्यावर मॉस्कोचा सूर पुन्हा बदलला. नोव्हेंबरात अलिप्त भारताच्या पंतप्रधानांनी अमेरिकी हवाई दलाची मदत मागणारी पत्रे वॉशिंग्टनला पाठवली. त्यानंतर लगेच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

हा पंधरवडा राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'क्युबाचा पेचप्रसंग' आणि 'भारत-चीन युद्ध' अशा दोन वेगवेगळ्या प्रकरणांत असतो, मध्ये कधी कधी शंभर पाने. एकत्र ठेवला की विद्यार्थ्याला आपोआप प्रश्न पडतात. चीनने ती वेळ क्युबामुळे निवडली का? बहुधा नाही, हल्ल्याची तयारी आधीपासून होती आणि क्षेपणास्त्रांचा शोध अमेरिकेलाच आदल्या आठवड्यात लागला होता. मग मॉस्कोच्या त्या झुकण्याचा फायदा कोणाला झाला? असे दोन तास वर्गात भांडण झाले, तर अलिप्ततावादावरचा दहा गुणांचा तयार निबंध निरुपयोगी होईल.

आणि सह्याद्री धावल्यानंतरचे काय? संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६४ च्या मे महिन्यात शस्त्रास्त्रांच्या वाटाघाटींसाठी अमेरिकेत होते. नेहरूंचे निधन झाले तेव्हा ते तिथेच होते. अमेरिकेने पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ लढाऊ विमाने भारताला दिली नाहीत. त्याच वर्षी चव्हाण मॉस्कोला गेले. मिग-२१ विमाने भारतात बनवण्याचे सोव्हिएत सहकार्य पक्के होत गेले आणि त्यांचा सांगाडा बांधण्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. ओझर पुणे विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात आहे. तिथल्या महाविद्यालयांत निवृत्त कामगारांची मुले, नातवंडे शिकत असतील. आजोबांना रशियन तंत्रज्ञांशी कसे बोलावे लागे, रेखाटने कोणत्या भाषेत येत, सुट्या भागांसाठी किती थांबावे लागे, हे विचारून लिहून काढणे हा पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असा प्रकल्प आहे, आणि शीतयुद्धाच्या इतिहासात त्याने खरी भर पडेल. ती माणसे वयस्कर आहेत, तेव्हा फार वेळही नाही.

अभ्यासक्रम थांबवायचा कुठे, याबद्दल माझे मत अनेकांना आवडणार नाही. तो साधारण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी थांबावा. 'समकालीन प्रवाह' नावाचे शेवटचे प्रकरण नको. आपल्याकडे सार्वजनिक अभिलेखांचे १९९७ चे नियम पंचवीस वर्षांनंतर कागद खुले करण्याची अपेक्षा ठेवतात. प्रत्यक्षात १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, हा भाग वेगळा. कागद नसलेल्या काळाबद्दल वर्गात बोलायला लागलो की पंधरा मिनिटांत त्याची टीव्हीवरची चर्चा होते, आणि तशी चर्चा घरी फुकट मिळते.

मग युक्रेन, गाझा यांचे काय? मुले विचारणारच, विचारावेच. १९९४ चे बुडापेस्टचे आश्वासनपत्र त्यांच्या हातात द्यावे: सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून देणाऱ्या युक्रेनला रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी नेमके काय कबूल केले होते आणि काय केले नव्हते, हे शब्दाशब्दाने वाचावे. गाझासाठी १९१७ चे बाल्फोर पत्र, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याला ब्रिटनने दिलेला पाठिंबा, आणि १९४७ ची संयुक्त राष्ट्रांची पॅलेस्टाइनविषयक समिती. त्या समितीत भारत होता. बहुमताने फाळणीची शिफारस केली, आणि भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी एकाच संघराज्याची वेगळी योजना मांडली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताने फाळणीच्या विरोधात मत दिले. स्वतःची फाळणी होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. पुढे १९५० मध्ये भारताने इस्रायलला मान्यता दिली आणि पूर्ण राजनैतिक संबंध मात्र १९९२ मध्ये जोडले. या बेचाळीस वर्षांच्या अंतराचा हिशेब ज्याने एकदा नीट मांडला, त्याला आजच्या बातमीवर मत बनवायला कोणा निवेदकाची गरज पडणार नाही. ते मत माझ्यासारखे असेल असेही नाही.

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कशाला, असे विचारणारे भेटतात. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवर उत्पादनाचे पेटंट देणे बंद केले आणि भारतीय औषध कंपन्यांना वाढायला जागा मिळाली. १९९४ मध्ये जागतिक व्यापार करारांवर सह्या करताना भारताने ती जागा सोडण्याचे कबूल केले आणि २००५ पासून उत्पादनाची पेटंटे परत आली. २०२१ च्या जानेवारीत हडपसरहून लशींचे खोके विमानाने परदेशी निघाले, वसंतात निर्यात आटली, आफ्रिकेतले देश वाट पाहत राहिले, आणि बौद्धिक संपदेचे नियम शिथिल करण्याचा भारत व दक्षिण आफ्रिकेचा प्रस्ताव जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, अडकून पडला होता. यातले शेवटचे वाक्य माझ्या कालमर्यादेबाहेर जाते, मान्य आहे. पण ते समजायला लागणारी आधीची वाक्ये, २००५ चा उल्लेख वगळता, मर्यादेच्या आत आहेत, आणि ज्या मुलीला उद्या याच कंपन्यांत नोकरी करायची आहे तिला ती कोणी शिकवत नाही.

मराठीतून शिकवण्याला दोन बाजूंनी विरोध होईल. इंग्रजीवाले म्हणतील, साधने इंग्रजीत, परिषदा इंग्रजीत, मग मराठीत शिकून मुलगा जाणार कुठे? मराठीचे अभिमानी म्हणतील, आधी पारिभाषिक संज्ञांची समिती नेमा. दुसऱ्यांची मला जास्त भीती वाटते, कारण समिती नेमली की दहा वर्षे गेली. तह, वाटाघाटी, शिष्टाई, नाकेबंदी, तटस्थता हे शब्द मराठीत आहेत आणि चालते आहेत; जिथे नाहीत तिथे व्हेटो म्हणावे, सगळ्यांना कळते. साधने इंग्रजीत वाचावीत आणि वाद मराठीत घालावा, असा दुहेरी वर्ग पुण्यात सहज चालू शकतो. इथली मुले रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन आणि जपानी शिकतात, त्यांना कागद इंग्रजीत वाचून मराठीत बोलणे जड जाणार नाही. जर्मन शिकून स्टुटगार्टला जाणाऱ्या मुलाला १९४९ ते १९९० या काळात जर्मनी दोन का होत्या याचा मात्र पत्ता नसतो, ही गंमत जाता जाता.

खरी अडचण शिक्षकांची आहे. कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक तीन महाविद्यालयांत धावपळ करणारे, अशा स्थितीत नवा अभ्यासक्रम म्हणजे त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझे. मानधन वाढवल्याशिवाय आणि एका शिक्षकाला एका वेळी एकच तुकडी दिल्याशिवाय हे करू नये. नाहीतर सहा महिन्यांत त्याचेही गाइड बाजारात येईल. सुरुवात विद्यापीठाच्या आवारात आणि पुणे, नगर, नाशिक जिल्ह्यांतल्या मोजक्या महाविद्यालयांत करावी. तिन्ही विभागांनी मिळून एक अभ्यास मंडळ नेमावे, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून, परराष्ट्र सेवेतून निवृत्त होऊन पुण्यात राहणाऱ्या माणसांना व्याख्यानाला जरूर बोलवावे. पण अभ्यासक्रम त्यांच्या आठवणींवर बेतू नये. निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणीत त्याचा सल्ला नेहमीच बरोबर ठरलेला असतो.

परीक्षा कशी घ्यायची हे मात्र आधी ठरवावे लागेल, कारण आपल्याकडे प्रश्नपत्रिका जशी, तसे शिकवणे होते. 'अलिप्ततावादाची वैशिष्ट्ये सांगा' हा प्रश्न एकदा छापून आला की साठ तास वाया गेले. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला एक कागद द्यावा: एखादा तह, एखादी तार, मंत्रिमंडळाच्या बैठकीचे एखादे टिपण. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आता घरबसल्या पुष्कळ मिळते. लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय माहीत होते, काय माहीत नव्हते, आणि त्याच्यापुढे आणखी कोणते मार्ग होते, एवढ्यावर चार पाने लिहायला सांगावीत, पुस्तके उघडी ठेवून, हवे तर घरी नेऊन. मग तोंडी परीक्षा घ्यावी, म्हणजे चार पाने कोणी लिहिली तेही कळेल. तपासायला जास्त वेळ लागेल, एका तुकडीत चाळीसपेक्षा जास्त मुले घेता येणार नाहीत, आणि विद्या परिषदेत या चाळीसच्या आकड्यावरच सर्वांत मोठा वाद होईल. तो आकडा साठवर नेण्याची तडजोड सुचवली जाईल, ती मान्य करू नये.